चव्वेचाळीस फूट बाय वीस फूट

पिकलबॉल हे नाव आता तालुक्याच्या गावीही ओळखीचं होऊ लागलं आहे. पुण्या-मुंबईला, नागपूरला नोकरीसाठी गेलेली आमच्या साकोलीची मुलं सणावारी घरी येतात, तेव्हा ‘संध्याकाळी पिकलबॉल खेळतो’ असं सांगतात. नावात लोणचं असलं तरी खेळात नाही. बॅडमिंटनएवढं कोर्ट, टेनिससारखी खाली बांधलेली जाळी, टेबल टेनिसच्या फळीपेक्षा मोठी अशी एक फळी आणि अंगभर छिद्रं असलेला प्लास्टिकचा हलका चेंडू, एवढंच त्याचं साहित्य. अकरा गुणांचा डाव, पण जिंकायला दोन गुणांची आघाडी हवी. सर्व्हिस कमरेखालून करायची. दहा वर्षांचा नातू आणि पासष्टीचे आजोबा एकाच बाजूने खेळू शकतात, हे त्याचं मोठं आकर्षण.

श्रोतेहो, हा खेळ कसा खेळावा हे सांगण्याचा अधिकार मला नाही. मी शाळेत इतिहास शिकवत आलो. त्यामुळे माझं लक्ष चेंडूपेक्षा जमिनीवर आखलेल्या चौकोनाकडे जातं. तो चौकोन चव्वेचाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद असतो. तो आला कुठून, कोणाकोणाच्या हातांतून गेला आणि आज त्यावर पहिला हक्क कोणाचा, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. या चौकोनाचा प्रवास पाहिला तर तो आपल्याच पुण्यातून निघून जगाला वळसा घालून पुन्हा आपल्याकडे आलेला दिसतो.

फळीने फूल हवेत उडतं ठेवण्याचा खेळ जुना आहे. तो अनेक देशांत मुलं खेळत. पण मध्ये जाळी बांधून, दोन्ही बाजूंना रेघा आखून त्याचा सामना झाला तो एकोणिसाव्या शतकात. इंग्रजी लष्कराच्या छावण्यांमध्ये हा खेळ विशेष रुजला, आणि त्यातही पुण्याच्या छावणीत. इतका, की काही काळ त्या खेळाचं नावच ‘पूना’ होतं. १८७० च्या दशकात तिथल्या अधिकाऱ्यांनी खेळाचे नियम बांधले. हे अधिकारी निवृत्त होऊन मायदेशी गेले, तेव्हा रॅकेटी आणि नियम दोन्ही बरोबर घेऊन गेले. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात ब्यूफर्टच्या ड्यूकचा बॅडमिंटन हाऊस नावाचा वाडा आहे. त्या वाड्याचं नाव खेळाला चिकटलं आणि ‘पूना’ हे नाव मागे पडलं. १८८७ मध्ये बाथ इथल्या क्लबने नियम नव्याने लिहून काढले आणि १८९३ मध्ये इंग्लंडची बॅडमिंटन संघटना स्थापन झाली. गंमत अशी की सुरुवातीचं कोर्ट सरळ चौकोनी नव्हतं. ते डमरूसारखं मधे आवळलेलं असे. १९०१ मध्ये तो आकार सोडून सरळ चौकोन ठरला. दुहेरीच्या सामन्यासाठीचं चव्वेचाळीस बाय वीसचं माप आपल्याला माहीत आहे ते हेच.

आता दुसरा प्रश्न. पुण्याच्या त्या मैदानावर खेळत कोण होतं? खेळणारे साहेब होते, हे उघड आहे. पण रेघा कोण मारत होतं? जाळी कोण बांधत होतं? त्यांची नावं बहुधा कोणी लिहून ठेवली नाहीत. एक नाव मात्र इतिहासात ठसठशीत राहिलं आहे, ते पळवणकर बाळू यांचं. चांभार समाजात जन्मलेले बाळू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाच्या कामावर होते. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, सरावाची जाळी उभी करायची, गरज पडेल तेव्हा टेनिसच्या कोर्टावर रेघा मारायच्या, असं ते काम. साहेबांना फलंदाजीचा सराव हवा असे, म्हणून त्यांना गोलंदाजी करायला मिळाली आणि त्यातून एक असामान्य डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. पण तासन्‌तास चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हातात कोणी बॅट दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं गेलं. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांचा पेला वेगळा, बसण्याची जागा वेगळी. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळालं, आणि तेही बऱ्याच वादानंतर. ही गोष्ट क्रिकेटची आहे हे मला ठाऊक आहे. पण ती सांगितल्याशिवाय आपल्याकडच्या कोणत्याही कोर्टाचा इतिहास पुरा होत नाही. रेघ मारणारा एक आणि रेघेच्या आत उभा राहणारा दुसरा, अशी वाटणी आपल्याकडे फार काळ होती.

गोऱ्यांच्या क्लबांची दारं बंद होती, म्हणून आपल्या लोकांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. खो-खोसारख्या देशी खेळाला नियमांत बसवण्याचं काम पुढे तिथेच सुरू झालं. आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला, १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या मातीतले खेळ जगाला करून दाखवले. बॅडमिंटनमध्येही मराठी नावं झळकली. क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधर यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. सांगलीला जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये मलायात अजिंक्यपद मिळवून परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत ते होते.

हे सगळं अभिमानाचं आहे. पण जिमखाना झाला तरी तो सभासदांचा. वर्गणी भरणाऱ्याला आत प्रवेश, बाकीच्यांनी कुंपणाबाहेरून पाहायचं. सर्वांसाठी खुलं मैदान ही त्याहून वेगळी कल्पना आहे. मुंबईचं शिवाजी पार्क हे त्याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण. महापालिकेने १९२५ साली ते माहीम पार्क या नावाने खुलं केलं. शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारातून, १९२७ मध्ये त्याला महाराजांचं नाव मिळालं. तिथे क्रिकेटच्या जाळ्या आहेत, मल्लखांब आहे, कठड्यावर बसणारी म्हातारी मंडळी आहेत, आणि सभांचा तर इतिहासच आहे. एवढे सगळे एका जागेवर म्हटल्यावर कुरबुरी होणारच. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मैदान शांतता क्षेत्रात धरलं. गजबज कोणाला हवी, शांतता कोणाला हवी, हा वाद तिथे न्यायालयापर्यंत गेला. सामाईक जागेचं हेच लक्षण आहे. जिथे वाद होतो तिथे अनेकांना आपला हक्क वाटत असतो.

आता आपण आपल्या भागाकडे येऊ. साकोलीच्या पंचक्रोशीत पार्क हा शब्द अलीकडचा. आमच्याकडे गावाची मोकळी जागा म्हणजे आखर. सकाळी गावची गुरं तिथे जमत, गायकी ती रानात नेई आणि दिवसभर ती जागा मुलांची. हुतुतू तिथे, आट्यापाट्या तिथे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी मोकळ्या जागेवर दुकानं लागतात आणि रात्री दंडार किंवा नाटक उभं राहतं. पुढे थंडीत शंकरपट. एकाच जमिनीचे वर्षभरात असे पाच-सहा उपयोग होत. कोणाचा उपयोग केव्हा, हे कोणत्या फलकावर लिहिलेलं नसे. गावाला ते माहीत असे.

आमच्या लहानपणी बॅडमिंटन थंडीतच यायचं. दोन बांबू रोवायचे, ढिवर मोहल्ल्यातून मासे धरण्याचं फाटकं जाळं मागून आणायचं आणि ते आडवं बांधायचं. कोणाच्या तरी घरून वायर ओढून एक बल्ब लावायचा. रेघा चुलीतल्या राखेच्या. शटलकॉकला आम्ही फूल म्हणत असू, आणि ते इतकं महाग वाटे की पिसं गळाली तरी चार-चार दिवस तेच चाले. रॅकेटी दोन आणि मुलं वीस. म्हणून नियम एकच: डाव पंधराचा, हरला त्याने रॅकेट पुढच्याच्या हातात द्यायची आणि रांगेत शेवटी जाऊन बसायचं. याला आम्ही पाळी म्हणत असू. तो शब्द खेळातला नव्हता. तो आमच्या घरातून आला होता, आणि घरात तो तलावाच्या पाण्यावरून आला होता.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, तरी तलावांची माळ दोन्हीकडे अखंड आहे. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील डोंगरवार यांच्या नावाशी जोडलेला आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातल्या जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे अशीच आहे. तलावाखालच्या धानाला पाणी पाळीने मिळे. पाणी कमी असलं की पाळीचा प्रश्न पोटाचा होई. वरच्या बांधीवाल्याने जास्त घेतलं तर शेवटच्या बांधीचं धान वाळे. पाळ फुटू नये, पाट तुंबू नये म्हणून राबायलाही सगळ्यांनी यायचं, हा त्याच व्यवस्थेचा दुसरा भाग. हक्क आणि राबणूक यांची गाठ अशी एकत्र बांधलेली होती.

मी जुन्या मालगुजारीचे गोडवे गात नाही. तिच्यात मालगुजाराचा शब्द अखेरचा असे आणि पाणवठ्यावर जातीची शिवाशिव होतीच. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली, ते योग्यच झालं. त्या वेळी आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता. पण एक गोष्ट त्याबरोबर घडली. तलाव सरकारी कागदांवर गेले आणि ‘आता ते सरकारचं’ असं गावाच्या मनाने घेतलं. पाळीवर माती टाकायला येणारे हात कमी झाले, गाळ साचत गेला, पोटात अतिक्रमणं आली. सामाईक वस्तू कोणाच्या नावावर आहे यापेक्षा तिची पाळी कोण सांभाळतं यावर तिचं आयुष्य ठरतं, हे आमच्या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे मनात ठेवून पुन्हा पिकलबॉलकडे वळू. १९६५ चा उन्हाळा. अमेरिकेत सिएटल शहरासमोरच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांचं सुटीतलं घर होतं. प्रिचर्ड हे वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य. पुढे ते अमेरिकेच्या संसदेत गेले आणि नंतर राज्याचे नायब राज्यपाल झाले. ते आणि त्यांचे मित्र बिल बेल घरी आले, तर मुलं कंटाळून बसलेली. अंगणात बॅडमिंटनचं जुनं डांबरी कोर्ट होतं, पण खेळायचं साहित्य पुरेसं सापडेना. मग टेबल टेनिसच्या फळ्या आणि छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन खेळ सुरू झाला. जाळी आधी बॅडमिंटनच्या उंचीवर, म्हणजे पाच फुटांवर होती. चेंडू डांबरावर बरा उसळतो हे लक्षात आल्यावर ती तीन फुटांवर आली. बार्नी मॅकॅलम या तिसऱ्या मित्राने प्लायवूडच्या फळ्या कापून दिल्या. तिघांनी मिळून नियम केले. नियम करताना हेतू हा, की घरातल्या लहानथोर सगळ्यांना एकत्र खेळता यावं. म्हणूनच जाळीलगतच्या सात फुटांच्या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायला मनाई आहे. उंच, धिप्पाड खेळाडूने जाळीशी उभं राहून दुसऱ्याला चिरडू नये, हा त्यातला विचार. या पट्ट्याला तिकडे ‘किचन’ म्हणतात.

खेळाच्या नावाबद्दल दोन कथा आहेत. कोणी ते प्रिचर्डांच्या पिकल्स नावाच्या कुत्र्यावरून आलं म्हणतात. घरच्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे, उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांच्या नावेला तिकडे ‘पिकल बोट’ म्हणतात, त्यावरून आलं. उरल्यासुरल्या सामानातून जमवलेल्या खेळाला ही दुसरी कथा अधिक शोभते. ते काहीही असो, माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की कोर्टाचं माप कोणी बदललं नाही. ते चव्वेचाळीस बाय वीसच राहिलं. ज्या खेळाने पुण्याच्या छावणीत अंग धरलं, त्याच्याच कोर्टावर दुसऱ्या खंडात हा नवा खेळ उभा राहिला.

पुढची कित्येक वर्षं हा खेळ अमेरिकेत निवृत्त लोकांच्या वसाहतींत आणि शाळांत वाढत राहिला. २०२० च्या करोना साथीत लोकांना मोकळ्या हवेत, थोडं अंतर राखून खेळता येईल असं काही हवं होतं, आणि मग त्याचा स्फोटच झाला. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याने त्याला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं. तिथल्या शहरांच्या उद्यानांत टेनिसची कोर्टं सार्वजनिक आहेत. टेनिसच्या एका कोर्टात पिकलबॉलची दोन कोर्टं आरामात बसतात, काही ठिकाणी चारही बसवतात. त्यामुळे जुने टेनिसवाले आणि नवे पिकलबॉलवाले यांच्यात भांडणं झाली. कडक फळीवर कडक चेंडू आपटल्याचा टकटक आवाज दिवसभर ऐकून शेजारी वैतागले आणि प्रकरणं नगर परिषदांत, न्यायालयांत गेली. पण त्याच उद्यानांनी एक साधी रीतही काढली. कोर्टाच्या कुंपणाशी एक घोडी लावलेली असते. आलेल्याने आपली फळी त्यात रांगेने ठेवायची. डाव संपला की पुढच्या चार फळ्या उचलल्या जातात. ओळख असो नसो, त्या चौघांनी एकत्र खेळायचं. आमच्या राखेच्या कोर्टावरची पाळी ती हीच.

हा खेळ आपल्याकडे आणण्याचं श्रेय मुंबईचे सुनील वालावलकर यांना जातं. कॅनडात असताना त्यांनी तो पाहिला, नंतर फळ्या आणि चेंडू बरोबर आणून मुंबईत लोकांना शिकवायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल असोसिएशन स्थापन झाली. पहिली काही वर्षं लोकांना नावही नीट घेता येत नव्हतं. आज मोठ्या शहरांत चित्र पालटलं आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशन या दुसऱ्या संघटनेला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली आणि दोन संघटनांतला वाद न्यायालयात गेला. खेळ मोठा झाल्याची ही खूण आपल्याकडे नेहमीचीच.

मला काळजी वाटते ती संघटनांच्या वादाची नाही. आपल्या शहरांत हा खेळ मुख्यतः तासाच्या भाड्याने मिळतो. रिकामा भूखंड, इमारतीची गच्ची, हिरवा-निळा रंग, दिव्यांचे खांब, आणि मोबाईलवरून पैसे भरून तासभर जागा. ज्याने व्यवसायात पैसा घातला त्याने तो वसूल करावा, यात गैर काही नाही. पण अंगणात, मोडक्या साहित्यावर, सगळ्यांनी मिळून खेळता यावं म्हणून जन्मलेला खेळ आपल्याकडे पाकीट पाहून आत घेणारा झाला, तर आपण जिमखान्याच्या कुंपणापाशी पुन्हा येऊन थांबलो असं होईल. तेव्हा जात पाहिली जाई, रंग पाहिला जाई. आता खिसा पाहिला जाईल. बाहेर उभा राहणारा मुलगा बहुतेक वेळा त्याच घरातला असेल.

तालुक्याच्या गावांना यात एक संधी आहे. चव्वेचाळीस बाय वीस म्हणजे आठशे ऐंशी चौरस फूट. भोवती धावायला थोडी मोकळी जागा धरली तरी शाळेच्या किंवा सार्वजनिक मैदानाचा एक कोपरा पुरतो. जिथे बॅडमिंटनचं सिमेंटचं कोर्ट आहे तिथे नवं बांधकामही नको. सात फुटांवर एक जादा रेघ मारायची आणि जाळी खाली उतरवायची. सकाळी तिथे वयस्क मंडळी खेळतील, दुपारनंतर शाळेच्या मुली खेळतील, संध्याकाळी पोलिस भरतीसाठी धावणारी पोरं घटकाभर हात मारतील. पण ते कोर्ट टिकायचं तर तीन गोष्टी आधी ठराव्या लागतील. पाळीचा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला हवा, म्हणजे दांडगाईने ओळ मोडता येणार नाही. मुली आणि बायकांची वेळ राखून ठेवलेली हवी, कारण ‘सर्वांसाठी खुलं’ असं नुसतं म्हटलेल्या मैदानावर त्या आपोआप काठावर ढकलल्या जातात, हे आपण रोज पाहतो. आणि रेघा पुसट झाल्या की त्या पुन्हा मारायचं काम खेळणाऱ्यांनीच आळीपाळीने करायचं.

या तिसऱ्या गोष्टीवर माझा विशेष भर आहे. बाळूंनी ज्या रेघा मारल्या, त्यांच्या आत त्यांना जागा नव्हती. आपल्या तलावांच्या बाबतीत उलटं झालं. हक्क सगळ्यांनी सांगितला, पाळीवर माती टाकायला मात्र कोणी आलं नाही. सामाईक जागा या दोन्ही प्रकारांनी मरते. जो खेळेल तो रेघ मारेल आणि जो रेघ मारेल तो खेळेल, एवढं एक पथ्य पाळलं तर पुण्याहून निघालेला हा चौकोन खेड्यापाड्यांतही नांदेल.

नगर परिषदेच्या सभेत रस्ते आणि नाल्या यांच्या यादीत मैदानाचा विषय शेवटी येतो, आणि तोवर बरेच सभासद उठून गेलेले असतात. तेव्हा श्रोतेहो, आपल्या गावात मोकळी जागा कुठे कुठे उरली आहे, तिची नोंद कागदावर कशी आहे आणि तिथे आज कोण खेळतं, एवढी माहिती प्रत्येकाने या आठवड्यात काढावी. जाळी नंतरही बांधता येईल. जमीन एकदा गेली की परत येत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)